डागणी

आमच्या तंबूला एकवीस खुंट्या,
आणि एकीचं तोंड दुसरीसारखं नाही.
एकीच्या टोकाला चंद्रकोर, एकीला तिरपा काटा,
एकीला नुसतंच वेटोळं.
मला वाटायचं, खुंट्या अशाच असतात.

तिंदूफच्या त्या माळावर,
जिथे बाभळीची सावलीसुद्धा दोन दिवसांच्या वाटेवर,
बायकांनी विटा थापून शाळा उभी केली.
शाळेत पहिला नियम : कुळ विचारायचं नाही.
"तू कुणातली गं?" कुणी म्हणालंच
तर बाई कान पिळायच्या, दोघींचेही.
उत्तर सगळ्यांना एकच पाठ :
मी समुद्राकाठची.
समुद्र आम्ही कुणीच पाहिलेला नव्हता.

तिस्लेम आणि मी एकाच दुधावर वाढलो.
तिची आई वाटेतच राहिली, विमानं आली त्या सकाळी.
माझ्या आईनं एकीला डावीकडे घेतलं, एकीला उजवीकडे,
आणि चालत राहिली.

मग पांढऱ्या गाड्या आल्या. टेबलं, पंखा, दुभाषा,
साक्षीला दोन म्हातारे, एक इकडचा, एक तिकडचा.
स्वातंत्र्य हवं की नको, मत द्यायचंय ना?
मग सांगा : कुळ कोणतं, पोटकुळ कोणतं,
उंटावर डाग कसला द्यायचात?
वीस वर्षं जे गिळून बसलो
तेच बाहेर काढा म्हणे, त्याशिवाय यादीत नाव नाही.

आई आधी गप्प. मग अकरा पिढ्या
एका दमात म्हणून गेली,
ओकारी यावी तशी.
पाठोपाठ तिस्लेम उभी राहिली.
तिला काहीच सांगता येईना, तर म्हाताऱ्यानं सांगितलं तिचं कुळ.
माझ्या हातातला आईचा हात
जरासा हलला. जरासाच.

रात्री चहाची केटली निखाऱ्यावर ठेवून म्हणाली,
माझा भाऊ महजूब विहिरीवर मारला गेला,
तो हिच्या आज्याच्या हातून.
"तुला ठाऊक होतं?"
"पहिल्या दिवसापासून. नाक बघ ना तिचं.
ते नाक मी विहिरीवर पाहिलं होतं."
आणि साखर फोडू लागली.

मग खुंट्यांचं सांगितलं.
लढाईच्या आदल्या हिवाळ्यात, कोरड्या ओढ्याच्या पात्रात,
एकमेकांच्या पाण्याला न शिवणारी माणसं जमली
आणि प्रत्येकानं आपापली डागणी आणून टाकली ढिगात.
लेम्राबत लोहाराला म्हणाले, ठोक, सरळ कर.
तो दिवसभर ठोकत होता.
एक म्हातारी म्हणाली, अगदी सरळ नको रे बाबा,
वाकडं लोखंड वाळूत जास्त धरतं.
त्या रात्री लोहाराच्या परातीत
पहिल्यांदाच दुसऱ्यांचे हात गेले.
(पुढे काहींनी ते आखडून घेतले.
हेही सांग म्हणाली आई, कुणी विचारलं तर.)

मतदान झालं नाही.
आमची नावं कुठल्याशा शहरात, पेट्यांमध्ये,
कुळांप्रमाणे लावून ठेवलेली असतील.
आई गेली. उशाशी एक दगड, पायाशी एक, नाव नाही.
तिस्लेम स्पेनमध्ये मासळीच्या कारखान्यात,
फोनवर लाटांचा आवाज ऐकवते मला.
"आपलाच का गं हा?" विचारते मी.
"नाही गं. पण बहुतेक असाच."

काल रात्री वारा सुटला, सगळी हमादा अंगावर आली.
तंबू फडफडला, एक खुंटी उपटली.
विजेरीत पाहिलं, चंद्रकोरीची.
कुणाची ते आता मला माहीत आहे,
आणि पंखा फिरत होता त्या दुपारपासून
हे माहीत असणं कुठे टाकावं, कळत नाही.

दगड शोधला.
गुडघे वाळूत रोवून
ठोकली.