मागचं पान

मुनाफ हमदुले जाकीट घेऊन आला
तेव्हा मी होडीचं छत शिवत होते.
"बाजूचे पट्टे पुरत नाहीत वयनी, पोट सुटलंय,"
म्हणाला, आणि दुकानाचं दार त्यानंच लोटून घेतलं.

जुनं होतं. सुरतेच्या भाच्यानं पाठवलेलं.
खोळ उसवली तर आत मेणकापडाच्या दोन पिशव्या,
एक छातीची, एक पाठीची,
पाठीची कडेला फुटलेली.
फटीतून पिवळट कापडाचे थर, सव्वीस मोजले,
आणि खाऱ्या हवेचा तो वास
जो आमच्या गावात लग्नाच्या शालूलाही येतो.
पट्टीवर तारीख होती.
मुदत संपून तीन पावसाळे झालेले.

समोरच्या बाकावर भागुराम तांबे, रिटायर हवालदार.
त्यानं कापड चिमटीत धरलं, सोडलं.
"बघ बाय, पिस्तुलाची गोळी बोथट.
जाळ्यात शिंगाळा अडकावा तशी अडकते.
छर्रे तर काय, गारा.
पण रायफलची गोळी म्हणजे दाभण.
तिला हे कापड आहे की नाही तेच कळत नाही.
तिच्यासाठी वर फरशी घालतात, चिनीमातीची.
ती हातातून पडली तर कौलासारखी तडकते,
फक्त वरून तडा दिसत नाही."
"आणि सुरी?"
"सुरी जाते. सुरी हळू असते ना."

रेतीवाल्यांकडे काय आहे
ते कुणीच बोललं नाही.
खाडीत सक्शन पंप चालू होता,
बरणीतली बटणं एकमेकांवर वाजत होती.
साक्ष सोमवारी. खेडला.

रविवारी चिरेखाणीत गेलो तिघं.
खाचरातली ओली माती पोत्यात दाबून भरली,
पुढं पाठीचं पान बांधलं.
भागुरामची बाराबोरची, डुकरांच्या परवान्यावरची.
पंधरा पावलं त्यानं मोजली, मग दोन मागं सरला.
बार खाणीच्या तिन्ही भिंतींवरून परत आला.

एकही छर्रा आरपार नव्हता.
मुनाफ हसला. पहिल्यांदाच, त्या आठवड्यात.
मी पान उचललं.
मागं मातीत करवंटी बसेल एवढा खळगा.
मूठ घातली, मनगटापर्यंत गेली.
"जीव राहील," भागुराम म्हणाला, "बरगड्यांचं सांगत नाही."
नळी पुसता पुसता पुढं म्हणाला,
"हे पान आता फेकून दे. एकदा झेललेलं दुसऱ्यांदा झेलेलच असं नाही."

मुनाफचं हसू तसंच राहिलं थोडा वेळ,
खाली उतरायचं विसरल्यासारखं.
"आणि छातीचं?"
"ते चांगलं आहे का, हे बघायचं तर फोडावं लागेल.
नाही फोडलं तर कळायचं नाही."
कातळावरून टिटवी ओरडत गेली.
"असू दे," मुनाफ म्हणाला. "कोर्टात तोंड पुढंच असतं."

संध्याकाळी एकटाच परत आला.
"मागं काहीतरी घाला वयनी. वजन पाहिजे.
जुलेखा पट्टे बांधते, तिला हाताला कळेल."

छताची ताडपत्री उरली होती.
आठ पदर घेतले, मध्ये सायकलच्या ट्यूबा, चपट्या कापून.
तराजूवर घातलं. दोन छटाक कमी भरलं,
आणखी एक ट्यूब.
बाजूचे पट्टे चार बोटं वाढवले,
तरी काखेखाली फट राहिली तेवढी राहिलीच.
ती या जाकिटात असतेच म्हणे. हात हलावा म्हणून.
तारखेची पट्टी उलटी करून टाचली.
एवढी बारीक टीप मी पोरीच्या ब्लाउजलाही घातली नव्हती.

पहाटे जुलेखा स्वतः आली न्यायला.
हात फिरवला पुढून. फिरवला मागून.
"दोन्हीकडं सारखंच लागतं," म्हणाली.
मी सुईत दोरा ओवत होते.
ओवलेल्याच सुईत.

शिलाई घेतली नाही मी.
नाही, घेतली. चाळीस रुपये.
नाहीतर तिनं विचारलं असतं,
का नाही घेत.