इस्पंदाचा धूर

यज्दमध्ये जुलैत, दुपारी तीननंतर
दुकानात येतात ती फक्त तापलेली यंत्रं
आणि त्यांची तापलेली माणसं.
हूमानने ते काळं खोकं
मूल घ्यावं तसं कडेवर घेतलं होतं.
पुढून काच, कुशीला काच,
आत सात पंखे, सातांचे सात रंग.
"लग्नांचे व्हिडिओ जुळवतो मी," म्हणाला.
"नवरीला दोनदा विचारतात, ती गप्प. रीतच आहे.
तिसऱ्यांदा ओठ उघडते
आणि हे मेलं बंद पडतं.
कालपासून चार वेळा ती बिनलग्नाची राहिली."

गोलचेहर खानमनी पाना उचलला नाही.
"पंखे सात कशाला?"
"सहा होते. पुरेनात."
त्या नुसतं हं म्हणाल्या.
हा हं मला ठाऊक आहे,
त्यानंतर माझं जेवण निवतं.

वाटीत निखारा घेतला,
वर इस्पंदाचे दाणे. तडतडले.
हूमानने डोळे मिटले. त्याला वाटलं, दृष्ट काढताहेत.
मला म्हणाल्या,
"तू मिटू नकोस. धूर बघ."

धूर पुढच्या काचेशी गेला,
दार न सापडलेल्या पाहुण्यासारखा चाचपडला.
कडेला नखाएवढी फट होती,
तिथून अंग चोरून आत शिरला.
वीतभर गेला नाही तोच
छतातल्या पहिल्या पंख्याने त्याला
मानगूट धरून वर फेकला.
मागे कोपऱ्यात प्रोसेसर धापा टाकत होता.
गार वारा त्याने आजवर
फक्त ऐकला असेल.

आणि वाटेत उभा एक पिंजरा,
डिस्क ठेवायचा. रिकामा.
"पुढेमागे घेईन की डिस्क," हूमान म्हणाला.
"तोवर त्या जागेचं भाडं वारा भरतोय."

पिंजरा निघाला: चार स्क्रू, एक शिवी (माझी).
केबलींचा गुंता मागच्या पत्र्याआड गेला.
छतातला तो पंखा सोडवून खानमनी
टेबलावर उताणा ठेवला,
भोक पुठ्ठ्याने बुजवलं.
"पंखा काढून गार होतं?"
"हाका मारणारे सात. वारा एक.
त्याने जायचं कुणाकडे?"

शहाण्णव अंशांवरून एकाहत्तर.
हूमान पैसे न मोजता देऊन गेला.

तिसऱ्या दिवशी फोन. नवरी पुन्हा गप्प.

मोटरसायकलवरून गेलो, वाटी माझ्या मांडीत.
मातीचं जुनं घर,
भिंतीत कोनाडा, कोनाड्यात खोकं,
इतकं नेमकं बसलेलं
की कुणालाही कौतुक वाटावं.
पाठ गिलाव्याला टेकलेली.

धूर मागून बाहेर पडला,
भिंतीला थडकला, वर चढला,
कोनाड्याच्या कमानीखालून पुढे आला
आणि त्याच नखाएवढ्या फटीतून
पुन्हा आत.
स्वतःचाच उच्छ्वास
पिऊन पिऊन तापलेलं जनावर.

खानमनी वर पाहिलं.
छतात विटांचा एक चौकोन, रंग वेगळा.
"बादगीर होता?"
"कबुतरं यायची," हूमानची आई म्हणाली,
"मग बुजवला. कूलर घेतला."
कूलर खिडकीत घरघरत होता.
यावर कुणी काही बोललं नाही.

घर वाऱ्यावर सोडू नये म्हणतात.
यंत्राला मात्र
दुसरीकडे कुठेच सोडता येत नाही.

खोकं ओढून खोलीत आणलं, तिरकं,
येताजाता पायात येईल असं.
आई कुरकुरली, शोभा गेली.
पडद्यावर एकदा विचारलं. गप्प.
दुसऱ्यांदा. गप्प.
मी आकडा वाचत होतो: अडुसष्ट, अडुसष्ट, एकोणसत्तर.
हूमानने पडद्याची कड घट्ट धरली होती,
जणू नवरी त्यालाच उत्तर देणार होती.
हो, ती म्हणाली, इतकं हळू
की पंख्यांच्या आवाजात जवळजवळ हरवलंच.

निघताना आई वाटीकडे बोट करून म्हणाली,
"दाणे उरलेत ना? मग फिरवाच त्याच्याभोवती."
खानमनी फिरवले.
मी यावेळी डोळे मिटले.