दहापैकी किती

बुशेनीच्या वॉर्डात रात्री अकराला
मी रुगुमायोंना विचारते, दुखणं दहापैकी किती?
ते म्हणतात, दोन.
कालही दोन. परवाही.
उशीचा कोपरा मात्र असा मुठीत
की धुतल्यावरही चुण्या जात नाहीत.

नर्सिंगच्या वहीत लाल शाईनं लिहिलेलं आहे:
रुग्ण सांगेल तेवढं दुखणं.

चार वर्षांपूर्वी न्याकातो नऊ म्हणाली होती.
मी घड्याळ पाहिलं.
पुढच्या डोसाला पन्नास मिनिटं होती.
सवय लागेल, असं म्हणाले मी
मरायला टेकलेल्या बाईला.
हे कुठल्याच वहीत नाही.

आज स्टूल ओढून बसते.
म्हातारा जन्मभर गुरांमागे हिंडलेला.
मझे, पाठीवरून किती गाई चालल्यात?

ते डोळे मिटतात. मोजायला लागतात,
लांब शिंगांच्या, पांढऱ्या, ठिपक्यांच्या,
एकेकीचं नाव घेत.
बराच वेळ जातो.
"तेवीस.
आणि एक तांबडी. ती चालतच नाही,
उभी आहे."

मी कपाटाची किल्ली काढते.
चमच्यात हिरवं मॉर्फिन थरथरतं,
म्हणजे माझाच हात.
कडू आहे. ते तोंड वाकडं करतात.
तक्त्यावर लिहिते तेवीस,
खोडून दहा,
तेही खोडून पुन्हा
तेवीस, आणि एक.

पहाटे तीनला पुढचा चमचा घेऊन जाते.
मूठ उघडी.
तांबडी?

"बसली," ते म्हणतात.
"रवंथ करतेय."