एकोणीस सेकंद

माझ्या सेतू केंद्रात लोक येतात
आपण आपणच आहोत हे सिद्ध करायला.
हयातीचा दाखला, बापाच्या नावातली चुकलेली वेलांटी,
मशीनवर न उमटणारे अंगठे.
प्रज्योत मेश्राम आला तेव्हा वाटलं
जातपडताळणी असेल.

तो म्हणाला, दावा लागला दादा.
शेतावर?
नाही, ट्रकवर.

ट्रक खेळातला.
रोज संध्याकाळी मोबाइलवर तो बर्फाच्या घाटातून
लाकडं वाहतो आणि बोलत राहतो,
"आता पाहा बरं, या वळणावर भलेभले गचकते."
चारशे बारा माणसं ऐकतात.
एक कुवेतमधून, मूळचा धामणगावचा.

दावा इंग्रजीत होता. मी दोनदा वाचला.
सहा मिनिटं अकरापासून सहा मिनिटं तीसपर्यंत
ऐकू येणारं संगीत
कुण्या कंपनीच्या मालकीचं.

ते एकोणीस सेकंद आम्ही पंखा बंद करून ऐकले.
ट्रक नदीकाठी उभा. इंजिन थंड.
प्रज्योत गप्प, पाणी पीत असावा.
आणि मागून, खिडकीतून,
पुक् पुक् पुक् पुक्

शेवंताबाईची चक्की!

गावात कुणाला विचारायची गरज नाही.
जुनं डिझेल इंजिन, सात ठोके देतं, आठवा गिळतं.
लंगडी म्हणतो आम्ही तिला.
जगाच्या पाठीवर कुणीतरी तसाच लंगडा ताल
संगणकात बनवून विकायला ठेवला असणार,
आणि ऐकणाऱ्या मशीनला
दोन लंगड्यांतला फरक कळला नसणार.

अर्जात कारणं निवडायची होती.
परवाना आहे. परवानगी आहे. हक्क माझा आहे.
चक्की कुठेच नव्हती.

शेवंताबाईंनी पदरानं चष्म्यावरचं पीठ पुसलं.
"म्या कधी इकला आवाज?
दळणाचे पैसे घेतो मी,
आवाज त फुकटच जाते."

रात्री मी आधी मराठीत लिहिलं,
सदर ठोके गावातील पीठगिरणीचे असून
गिरणी दुपारी चार ते रात्री आठ चालू असते.
गिरणीने आजवर कोणतेही गाणे गायिलेले नाही.
मग जमेल तसं इंग्रजीत बसवलं.
सवयीनं पासपोर्ट फोटो शोधत होतो शेवंताबाईचा.
जोडायला जागाच नव्हती.

तीस दिवसांची मुदत.
प्रज्योतची झोप गेली, चॅनेल बंद होईल म्हणून.
त्याला समजावलं, दावा वेगळा, ठपका वेगळा,
नोटीस आली म्हणजे जप्ती आली असं नसते बाबू.
पटलं नाही.
एप्रिलच्या उन्हाळ्यात खिडकी लावून,
डोक्यावर गोधडी घेऊन
तो बर्फातून ट्रक चालवू लागला.
आवाज विहिरीतून आल्यासारखा.

बाराव्या दिवशी कुवेतच्या माणसानं विचारलं,
भाऊ, ते पुक् पुक् कुठं गेलं?
तेवढ्यासाठीच लावतो मी रात्री.

प्रज्योतनं मला ते दाखवलं. वाचून
मोबाइल परत खिशात टाकला त्यानं,
आणि बराच वेळ
झेरॉक्स मशीनवर हात ठेवून उभा राहिला.

सव्विसाव्या दिवशी एक ओळ आली.
दावा मागे घेण्यात येत आहे.
माफी नाही, खुलासा नाही, सही कुणाचीच नाही.
एका मशीनचं दुसऱ्या मशीनबद्दल
चुकलं होतं, बस.
अडकवून ठेवलेली कमाई मोकळी झाली,
सात रुपये चाळीस पैसे.

ती घेऊन आम्ही चक्कीवर गेलो.
म्हणजे आकडा घेऊन, स्क्रीनवरचा.
"यातले माहे किती?"
सगळेच घ्या, प्रज्योत म्हणाला.
शेवंताबाईंनी पट्ट्यावर हात फिरवला,
कुणाचा तरी डबा बाजूला सरकवला.
"राहू दे. उद्या खिडकी उघडी ठेवजो.
गहू नाही, उद्या ज्वारी हाये.
आवाज मऊ येते."