ताबा

नॅम्पा गावात ऑक्टोबरपासून
बीटाच्या साखर कारखान्याचा वास सुटतो.
ओल्या मातीचा, करपलेल्या काकवीचा,
पडद्यात बसतो, उशीत बसतो.
त्याच्या आडोशाने दुसरा एक वास
बरेच दिवस आमच्या घरात
भाडं न देता राहिला.

भाडं आम्ही दोघं द्यायचो, डॅलिन आणि मी.
करारावर सह्या शेजारी शेजारी,
त्याची तिरपी, माझी शाळकरी.
वर बारीक टाइपात:
दोघं मिळून, आणि प्रत्येक जण एकटाही, जबाबदार.
मी वाचलं नव्हतं. मी फक्त
नळाला गरम पाणी येतं का ते पाहिलं होतं.

शनिवारी तो नदीपलीकडे जायचा.
स्नेक नदीच्या पलीकडे ऑरेगॉन,
तिथे दुकानात पावती देतात, "पुन्हा या" म्हणतात.
अलीकडे आयडाहो.
तोच गांजा, तीच बरणी,
पूल संपला की गुन्हा.

आधी ते त्याच्या पाठीसाठी होतं,
गोदामात पोती उचलून गेलेल्या.
मग फोर्कलिफ्टवाल्या राँडलच्या पाठीसाठी.
मग ज्यांच्या पाठीला काहीच झालं नव्हतं
तेही यायला लागले.
दहा मिनिटं बसायचे. बूट काढायचे नाहीत.

मी नर्सिंगच्या दुसऱ्या वर्षाला.
मी म्हणायचे, माझ्या खोलीत नको.
जणू कायद्याला आमच्या घरातल्या
खोल्या कुणाकुणाच्या ते पाठ होतं.

मंगळवारी थाप पडली.
दोघे होते. एकाला सर्दी झालेली.
"आत आलो तर चालेल का?"
नाही म्हणता येतं, हे मला नंतर कळलं.
तेव्हा मी, पाहुण्याला म्हणावं तसं, "या" म्हणाले.
वर विचारलं, कॉफी घेणार?

बरणी फडताळात होती,
माझे ओट्स आणि त्याचं पीनट बटर यांच्या मध्ये.
आदल्या रात्री वास येतो म्हणून
झाकण मीच घट्ट लावलं होतं.
हे मी त्यांना सांगितलं नाही.
माझ्या बोटांनी सांगितलं असतं.

कोर्टानं मला दिलेल्या वकील, ओकरलंडबाई,
पिवळ्या कागदावर दोन प्रश्न लिहून बसल्या:
माहीत होतं का?
हात पोचत होता का?
"कुणाची होती, हा तिसरा," त्या म्हणाल्या,
"तिथवर पुष्कळदा कुणी येतच नाही."
ताबा म्हणजे मालकी नव्हे.
ताबा म्हणजे खिशात असणंही नव्हे.
बरणी माझ्या ताब्यात, कारण मी उंच आहे
आणि फडताळाला कुलूप नाही.
मी त्यांच्या ताब्यात, कारण बरणी माझ्या.
एकच शब्द,
आतून धरा नाहीतर बाहेरून.

डॅलिननं लिहून दिलं:
सगळं माझं. माइतेला काही माहीत नव्हतं.
दोन वाक्यं. पहिलं खरं.
दुसऱ्यावर मी सुटले.
न्यायाधीशांनी चष्म्यावरून पाहिलं
तेव्हा मी नखं बघत होते.
स्वच्छ होती. नर्सिंगला तशीच लागतात.

घरमालकानं तीन दिवसांत घर सोडायला लावलं.
दार मोडावं लागलं नव्हतं, मी "या" म्हटलं होतं ना,
म्हणून डिपॉझिट पुरं परत आलं.
सहाशे पन्नास डॉलरचा चेक, दोघांच्या नावे:
डॅलिन स्टोडर्ड आणि माइते अरिझागा.
बँकेतली मुलगी म्हणाली, मध्ये "किंवा" असतं
तर तुमची एकटीची सही चालली असती.
"आणि" आहे.

काउंटीच्या तुरुंगात भेटीचा वार रविवार.
रविवारी माझी ड्यूटी असते.
मीच मागून घेतलेली.

परवान्याच्या अर्जात एक चौकट आहे:
कधी अटक झाली होती का? सविस्तर लिहा.
खाली चार ओळींची जागा.
चेक त्याच अर्जात घडी करून ठेवलाय.
सहा महिने चालतो, असं त्यावर छापलंय.
आज पाच झाले.