शून्य नंबरचा कोट

ओस्त्रावाहून मेल आली, पहाटे दोन चाळीसला.
राडोवान, वय एकोणीस. आधी माफी,
अवेळी त्रास दिल्याबद्दल,
आणि खाली बावन्न ओळी.
जुन्या लॅपटॉपवर चालवल्या, साध्या खात्यातून,
ज्याला घड्याळ पुढेमागे करायचीही मुभा नाही.
मग विचारलं, मी कोण?
मशीन म्हणालं : शून्य.

आमच्याकडे शून्य म्हणजे सगळं.
हजाराच्या पुढचे आम्ही बिऱ्हाडकरू,
शून्य तेवढा घरमालक.

बाहेरून कुणी दार फोडलेलं नाही.
आतलाच, ओसरीपुरता घेतलेला,
तपासणं आणि देणं यांच्यामधल्या
पापणीहून बारीक फटीतून
थेट गाभ्यात.

फट कुणी ठेवली हे शोधायला एक आज्ञा पुरते.
ओळीशेजारी नाव आलं : क्व्येता ह्लावाचोवा.
म्हणजे मी. अकरा वर्षांपूर्वीचा मंगळवार.
आधी जागा मोकळी केली, मग कुलूप लावलं.
उलट हवं होतं.
काय चाललं होतं त्या दिवशी माझं?
दाढ दुखत असेल. किंवा काहीच नसेल.

दुरुस्ती चार ओळींची.
पण ती सगळ्यांपर्यंत पोचायला सात दिवस,
आणि तोवर, ब्र्नो नावाच्या गावात राहून
ब्र काढायचा नाही.
चार नंबरच्या ट्राममध्ये उभी राहते,
तिकिटाच्या यंत्राकडे बघते, इस्पितळाच्या उजळ खिडक्यांकडे.
गावभर तीच फट,
आणि माहीत कुणाला? मला, अन् त्या पोराला.

रविवारी आईकडे गेले.
एकतीस वर्षं ती नाटकगृहात कोट सांभाळायची.
पितळी बिल्ले, लोखंडी खुंट्या.
सांगता येईना, म्हणून वळसा घालून विचारलं :
खुंटी एकाची काढून दुसऱ्याला दिली,
आणि पहिल्याकडे बिल्ला तसाच राहिला, तर?

आई बटाटा सोलायची थांबली.
"झालंय तसं. त्र्याऐंशीचा जानेवारी.
पडदे ओढणारा हिनेक. खुंटी आधी त्याची होती,
मग डायरेक्टरांना दिली, शून्य नंबर घालून.
बिल्ला त्याच्या खिशातच.
मी पाठमोरी होते. नव्या पोरीनं बिल्ला पाहिला,
कोट दिला. बीव्हरच्या कॉलरचा."
मग?
"मग काय. गळ्यापर्यंत बटणं लावून
मोठ्या आरशासमोर उभा राहिला.
दारवानानं सलाम ठोकला.
यानंही मान हलवली, बेताची.
तिसरी घंटा व्हायच्या आत कोट परत खुंटीला."
कुणाला सांगितलंस?
"तुला. आत्ता."
आणि पुन्हा बटाटा सोलू लागली.

सातव्या दिवशी चार ओळी जगभर गेल्या.
वर्णनात लिहिलं : आधी कुलूप, मग मोकळं.
चूक माझी. शोध राडोवानचा.

रात्री त्याला विचारलं, कामाचं नव्हतं तरी :
पहिल्यांदा शून्य झालास,
तेव्हा काय केलंस?

उत्तर लगेच आलं, एका ओळीचं.
काही नाही. चार वेळा विचारलं, मी कोण.
मग बंद केलं.