क्रमांक सतरा

निसार उस्तादांनी आधी माझा खांदा मोजला,
मग कोपरापासून बोटापर्यंत, मग गालाचं हाड.
शिंप्याकडे आल्यासारखा मी उभा,
लष्करात, दौलतगंजच्या त्या अरुंद दुकानात, चपला हातात धरून.
"नेम धरताना कोणता डोळा मिटता?"
पोस्टात छत्तीस वर्षं काढली, हे कुणी विचारलं नव्हतं.
मी दोन्ही मिटले.

ते हसले. "म्हणजे कधी उडवलीच नाही."
नाही. आणि हीसुद्धा उडवायची नाही.
घोडे हवेत, चाप हवेत, खटका खणखणीत वाजायला हवा,
पण आतली पिन नको, नळ्या मागून बुजवून टाका.
परवान्याच्या अर्जात कारणाचा रकाना असतो:
स्वसंरक्षण, पीकसंरक्षण, खेळ.
माझं कारण त्यात बसेना.

पिशवीतून वही काढली.
वडील कारकून, सरदार निंबोळकरांच्या शिलेखान्यात.
बंदुका त्रेचाळीस, वर्षं एकतीस,
नोंदी मोडीत. मला मोडी येत नाही.
जनकगंजातल्या कुमुदिनी टेंब्यांनी वाचून दिल्या,
पानामागे वीस रुपये, चहा त्यांच्याकडून.

*क्र. १७. दुनळी, विलायती, घोडे बाहेरून.
नळ्या तीस इंची, पोलादात पाण्याची वळणं.
दस्ता अक्रोडाचा. डावा चाप जड.
डाव्या पत्र्यावर तितरांची जोडी, पैकी एकास डोळा नाही.
दस्त्याच्या पोटाशी खळगा, अंगठ्याएवढा. कारण अज्ञात.*

इतर बंदुकांना पाच-सहा ओळी.
सतराला अडीच पानं.
खरी सतरा लिलावात गेली.
कुणी म्हणतं जयपूरला आहे, कुणी म्हणतं भट्टीत.

"तितराला डोळा काढू?"
नको.
"चाप जडच ठेवू?"
ठेवा.
"आणि हा खळगा…"
इथे ते थांबले. अक्रोडाचा कच्चा ठोकळा उचलून
खांद्याला लावून पाहिला. अंगठा भलतीकडेच.
डाव्या खांद्याला लावला. तरी नाही.
मग कामाच्या गोणपाटावर खाली बसले,
ठोकळा मांडीवर उलटा घेतला,
चिंधी फिरवायला उजवा हात मोकळा सोडला
आणि डावा अंगठा
न शोधता तिथे जाऊन टेकला.

"हा उडवणाऱ्याचा नाही, साहेब," ते म्हणाले,
"पुसणाऱ्याचा आहे.
किती वर्षं म्हणालात?"

मी वही पुन्हा उघडली.
तेच अक्षर, तीच शाई, ओळ कुठे वर नाही की खाली नाही.
भाजीच्या हिशेबात एक आणा चुकला
तर परत मंडईत जाणारा माणूस.
कारण अज्ञात.

बंदुकीला सात महिने लागले.
नळ्यांवरची वळणं तेजाबाने काढली आहेत, खरी नाहीत,
हे उस्तादांनी स्वतःहून सांगितलं.
खळगा कोरलाच नाही. "कानसीचं काम नाही ते,"
म्हणाले, आणि बिलातून चारशे कापले.

जुन्या पलंगपोसात गुंडाळून टेम्पोने आणली.
बाड्यावर हवालदाराने अडवलं, "काय आहे?"
मी उलगडून दाखवली, पावती दाखवली, बुजवलेल्या नळ्या दाखवल्या.
त्याने एक घोडा ओढून सोडला,
खटका ऐकून मान डोलावली,
आणि मागची रिक्षा हॉर्न वाजवायला लागली.

आता रविवारी, आंघोळीआधी,
धोतराची एक चिंधी, वाटीत थोडं तेल.
मुलगी विचारते, न उडवलेली बंदूक मळते कशी?
मी खाली बसतो. गुडघे कुरकुरतात.
उलटी मांडीवर घेतो.
अंगठा ठेवतो.
लाकूड अजून सपाट आहे.